सोफ्यामागच्या तीन गोळ्या: छोटं कुत्रं, हार्टवर्म आणि विम्याचा हिशेब

दिवाळीच्या साफसफाईत सोफा भिंतीपासून ओढला आणि मागे तीन तपकिरी वड्या सापडल्या. धुळीत लोळलेल्या, एकीच्या कडेला बारीक दातांच्या खुणा. आधी वाटलं चिक्कीचे तुकडे असतील. हातात घेतल्यावर ओळख पटली: बुंदीच्या हार्टवर्मच्या, म्हणजे डासांमार्फत कुत्र्याच्या हृदय-फुप्फुसाच्या धमन्यांत शिरणारा जंत टाळण्याच्या गोळ्या. मे महिन्यात आम्ही औषधाचा ब्रँड बदलला होता आणि या वड्या नव्या ब्रँडच्या होत्या. म्हणजे मे ते ऑक्टोबरच्या सहापैकी तीन गोळ्या तिच्या पोटात गेल्याच नव्हत्या, आणि ह्यूस्टनमध्ये डासांचा जोर नेमका त्याच महिन्यांत असतो.

बुंदी म्हणजे आमची शित्झू, छोट्या जातीची कुत्री. वजन 13 पौंड, सहा किलोला जरा कमी. गोळी तोंडात घ्यायची, शांतपणे सोफ्यामागे जायचं आणि जिभल्या चाटत परत यायचं, हा तिचा दर महिन्याचा कार्यक्रम. आम्हाला वाटायचं, बाईसाहेबांना एकांतात खायला आवडतं.

पुढच्या एप्रिलमध्ये तिची चाचणी पॉझिटिव्ह आली. उपचारांचं बिल 1,430 डॉलर झालं. विमा होता, दोन वर्षं हप्ते न चुकता जात होते, तरी या बिलापोटी एक डॉलरही मिळाला नाही. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. पॉलिसीच्या अकराव्या पानावरचा एक परिच्छेद मी वाचला नव्हता, एवढंच. टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, फ्लोरिडा अशा दमट भागांत छोटं कुत्रं पाळणाऱ्या मराठी घरांसाठी हे लिहिते आहे. मी ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने. उत्तरेकडच्यांनीही वाचावं, कारण हार्टवर्म पन्नासही राज्यांत सापडलेला आहे. शिवाय न्यू जर्सीत दत्तक घेतलेलं गोंडस पिल्लू बऱ्याचदा दक्षिणेतल्या एखाद्या शेल्टरमधून व्हॅनने आलेलं असतं.

आधी जंताचं वेळापत्रक

हे कंटाळवाणं वाटेल, पण विम्याची सगळी भांडणं या वेळापत्रकावरून होतात, म्हणून पाच मिनिटं द्या.

हार्टवर्म, म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस, एका कुत्र्याकडून दुसऱ्याला थेट लागत नाही. मधे डास लागतोच. डास बाधित कुत्र्याचं किंवा कोयोटीचं (इथल्या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याचं) रक्त पितो, त्यातल्या अळ्या उबदार हवेत डासाच्या अंगात साधारण दहा ते चौदा दिवसांत तयार होतात आणि पुढच्या चाव्याच्या वेळी दुसऱ्या कुत्र्याच्या कातडीत शिरतात. पुढचे दोन-अडीच महिने त्या कातडीखालून आणि स्नायूंमधून सरकत राहतात, मग फुप्फुसाच्या धमन्यांत पोचतात. सहा-सात महिन्यांनी जंत पूर्ण वाढतो. मादी दहा-बारा इंच लांब होते आणि पाच ते सात वर्षं जगते.

कुत्रं लहान आहे म्हणून जंत लहान राहत नाही. लॅब्राडॉरच्या धमनीत जो जंत मावून जातो, तोच शित्झू, मॉल्टीज किंवा चिवावाच्या बारक्या धमनीत गर्दी करतो. छोट्या कुत्र्याच्या बाबतीत थोडेसेच जंत असले तरी डॉक्टर गंभीर होतात ते यामुळे.

या वेळापत्रकातून दोन गोष्टी निघतात. पहिली औषधाची. महिन्याची गोळी पुढच्या महिन्याचे डास अडवत नाही. मागच्या महिन्यात अंगात शिरलेल्या अळ्या ती मारते. गोळी चुकली की अळ्या वाढून औषधाच्या आवाक्याबाहेर जातात आणि पुढच्या महिन्यात दोन गोळ्या दिल्याने ते भरून निघत नाही.

दुसरी चाचणीची. नेहमीची रक्ताची चाचणी प्रौढ मादी जंताचं प्रथिन शोधते. म्हणून गेल्या पाच-सहा महिन्यांतली लागण तिला दिसतच नाही. आज निगेटिव्ह याचा अर्थ कुत्रं सहा महिन्यांपूर्वीपर्यंत स्वच्छ होतं, इतकाच. विमा कंपनीचा माणूस हेच उलटीकडून वाचतो: आज पॉझिटिव्ह, म्हणजे लागण किमान पाच-सहा महिने जुनी. तुमची पॉलिसी चार महिन्यांची असेल तर त्याने ‘आधीपासूनचा आजार’ असा शिक्का उचललाच म्हणून समजा. जाहिरातीतला ‘चौदा दिवसांचा वेटिंग पीरियड’ (पॉलिसी घेतल्यापासून विमा लागू होईपर्यंतचा काळ) सर्दी-जुलाबासाठी ठीक आहे, या आजारात त्यावर विसंबून राहू नका.

पायरी 1: चाचणी, औषधाच्याही आधी

सात महिन्यांवरचं कुठलंही कुत्रं घरात आलं की औषध सुरू करण्याआधी चाचणी. रक्ताचे दोन-तीन थेंब, दहा मिनिटं, आमच्याकडे 58 डॉलर. आधीच बाधा असलेल्या कुत्र्याच्या रक्तात जंतांची पिल्लं फिरत असतील, तर काही औषधांनी ती एकदम मरून कुत्र्याला धक्का बसू शकतो. म्हणून शेजाऱ्यांकडच्या उरलेल्या गोळीने सुरुवात करायची नाही.

सहा महिन्यांनी दुसरी चाचणी करा, पहिलीला जे दिसलं नव्हतं ते पकडायला. त्यानंतर वर्षातून एकदा. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी हेच सांगते: बारा महिने औषध, दर बारा महिन्यांनी चाचणी. सात महिन्यांच्या आतल्या पिल्लाला चाचणीशिवाय औषध सुरू करता येतं, पण सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने चाचणी चुकवायची नाही.

दत्तक कुत्रं असेल तर शेल्टरने केलेल्या चाचणीचा कागद मागून घ्या. ‘निगेटिव्ह आहे हं’ हे तोंडी सांगणं दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

पायरी 2: औषध

हार्टवर्मचं औषध अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. चिठ्ठी न मागता विकणारी वेबसाइट दिसली तर स्वस्ताईला भुलू नका.

साधारण तीन जाती. आयव्हरमेक्टिनची महिन्याची वडी, उदाहरणार्थ हार्टगार्ड प्लस. 25 पौंडांपर्यंतच्या सगळ्या कुत्र्यांना एकच छोटी वडी. ही सगळ्यात स्वस्त, आमच्या दवाखान्यात वर्षाचे साधारण 120 डॉलर, पण पिसवा-गोचिडांचं औषध वेगळं घ्यावं लागतं. दुसरी ‘सगळं एकात’ वडी, उदाहरणार्थ सिम्पॅरिका ट्रायो: हार्टवर्म, पिसवा, गोचीड, पोटातले जंत एकत्र. तिचे आम्हाला महिन्याला 28 डॉलर, म्हणजे वर्षाला 336 पडत होते. तिसरं म्हणजे इंजेक्शन, प्रोहार्ट 12: वर्षातून एकदा, एक वर्षावरच्या कुत्र्यांना. प्रोहार्ट 6 सहा महिने पुरतं.

आता मी बुंदीला इंजेक्शन देते. ते तिला थुंकता येत नाही, हे एक कारण. दुसरं विम्याचं: गोळीची फक्त पावती असते, आणि पावतीवरून गोळी विकत घेतली एवढंच सिद्ध होतं. इंजेक्शनची नोंद मात्र डॉक्टरच्या हातची, तारखेसकट, कुत्र्याच्या फायलीत आपोआप पडते. पिसवांची गोळी अर्थात वेगळी द्यावी लागते. ती थुंकली तर फार तर खाजेल.

वजनाच्या गटाकडे लक्ष ठेवा. छोट्या कुत्र्यांत दोन पौंड वाढले तरी गट बदलू शकतो. सिम्पॅरिका ट्रायोचा एक गट 11 पौंडांना संपतो आणि पुढचा 11.1 ला सुरू होतो. आजी भारतातून सहा महिन्यांसाठी आली आणि नातवंडांबरोबर कुत्र्यालाही तूप-पोळी सुरू झाली की हा गट कधी ओलांडला ते कळत नाही. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने. वजाबाकी करायची, झालं.

आणि एक कळकळीची सूचना. घोड्यांची आयव्हरमेक्टिन पेस्ट शेतीमालाच्या दुकानात काही डॉलरला मिळते, आणि ‘वाटाण्याएवढी द्यायची, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. ती एक ट्यूब 1,250 पौंडांच्या घोड्यासाठी असते, तिच्यात सुमारे 113 मिलिग्रॅम औषध असतं. बुंदीच्या वडीत 68 मायक्रोग्रॅम असायचं. म्हणजे त्या एका ट्यूबमध्ये तिच्या सोळाशेहून जास्त वड्या. वाटाण्याने हे मोजता येत नाही.

पायरी 3: गोळी पोटात जाते का

गोळीच देत असाल तर ही पायरी. वडी चार तुकडे करून द्या, एकेक, आणि प्रत्येक तुकड्यानंतर काहीतरी चविष्ट. पनीरचा तुकडा आमच्याकडे चालतो. मग दोन मिनिटं कुत्र्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. उलटी झाली तर लगेच दवाखान्यात फोन करून पुन्हा द्यायची का ते विचारा.

दिवस लक्षात राहावा म्हणून आम्ही संकष्टी धरली होती. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलंच असतं, त्यावर गोळी दिल्यावर बरोबर अशी खूण करायची आणि फोनने फोटो काढायचा. संकष्टी 29-30 दिवसांनी येते, त्यामुळे औषधाचं अंतर वाढत नाही. तिथीचं वर्ष अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे बारा गोळ्यांचा डबा मात्र जरा लवकर संपतो. सासूबाईंना ही पद्धत फार आवडली. पण खूण दिल्याची होते, गिळल्याची नव्हे, हे मी आता शिकले आहे.

गोळ्या चुकल्याचं लक्षात आलं तर लपवू नका. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच औषध पुन्हा सुरू करायला सांगितलं, त्या आठवड्यात एक चाचणी केली (निगेटिव्ह, अपेक्षेप्रमाणे) आणि दुसरी सहा महिन्यांनी ठेवली. त्या दुसऱ्या चाचणीमुळेच आजार लवकर सापडला. बुंदी तेव्हा अगदी ठणठणीत होती, खोकलाही नव्हता. नवरा म्हणाला, ‘फायलीत लिहायला कशाला लावलंस?’ त्याच्या या प्रश्नाचं उत्तर पुढे क्लेममध्ये येतंच, पण डॉक्टरला खोटी माहिती देऊन कुत्र्याचा इलाज होत नाही.

पायरी 4: विमा, आणि तो नक्की कशासाठी

अमेरिकेत कुत्र्याचा पहिला विमा 1982 साली निघाला, टीव्हीवरच्या लॅसीसाठी. आज पर्याय इतके आहेत की डोकं गरगरतं. पण ढाचा एकच. बिल आधी आपण भरायचं, मग कंपनीकडून परतावा मागायचा. त्यात तीन आकडे महत्त्वाचे: डिडक्टिबल (आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम), परताव्याचा टक्का आणि वर्षाची कमाल मर्यादा.

डिडक्टिबल आधी वजा होतो की नंतर, हे विचारा. समजा बिल 1,430, डिडक्टिबल 250, परतावा 80 टक्के. आधी वजा केला तर 1,180 चे 80 टक्के, म्हणजे 944 डॉलर मिळतात. आधी 80 टक्के काढून मग वजा केला तर 894. एकाच बिलात पन्नास डॉलरचा फरक, आणि दोन्ही पॉलिसींच्या जाहिरातीत ‘80 टक्के’च छापलेलं.

हार्टवर्मच्या बाबतीत विम्याचे दोन वेगळे कप्पे आहेत आणि लोक ते हमखास एक करतात. औषध आणि वार्षिक चाचणी हा ‘वेलनेस’चा कप्पा, नेहमीच्या अपघात-आजार पॉलिसीत तो नसतो, जादा पैसे देऊन जोडावा लागतो. झालेल्या आजाराचे उपचार हा दुसरा कप्पा. तिथे अनेक पॉलिसींत अट असते: डॉक्टरांनी सुचवलेलं प्रतिबंधक औषध सलग दिलेलं असेल तरच. माझं अकरावं पान ते हेच.

वेलनेस घ्यायचं का, हे कागदावर मांडूनच ठरवा. मला आलेल्या प्रस्तावात महिन्याला 22 डॉलर, वर्षाला 264. त्यात चाचणीचे 30, औषधाचे 60, लशींचे, दात साफ करण्याचे असं सगळं मिळून जास्तीत जास्त 300 डॉलर परत. सगळं म्हणजे सगळं वापरलं तर 36 डॉलर फायदा. दात साफ करणं एका वर्षी राहिलं की तोटा. मी घेतलं नाही. ते पैसे वेगळ्या खात्यात टाकते.

मग छोट्या कुत्र्याला विमा कशासाठी? सरकणाऱ्या गुडघ्याच्या वाटीसाठी, दातांच्या आजारांसाठी, शित्झूंना होणाऱ्या मूतखड्यासाठी आणि डोळ्यांच्या जखमांसाठी, म्हातारपणच्या हृदयाच्या झडपेसाठी. ही चार आकडी बिलं प्रतिबंधक गोळीने टळत नाहीत. बुंदीच्या मागच्या डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे याच कंपनीने निमूट दिले, तेही बारा दिवसांत. हार्टवर्मसाठी विमा घेणं म्हणजे छत्री घरी ठेवून भिजण्याचा विमा काढण्यासारखं आहे.

पॉलिसी विकत घेण्याआधी तिचा नमुना पीडीएफमध्ये मागवा आणि त्यात हे शब्द शोधा: ‘पॅरासाइट’, ‘प्रिव्हेंटेबल’, ‘प्री-एक्झिस्टिंग’, ‘बायलॅटरल’, ‘वेटिंग पीरियड’. यातला ‘बायलॅटरल’ छोट्या कुत्र्यांना नडतो: एक गुडघा आधी बिघडलेला असेल, तर दुसऱ्याचाही खर्च नाकारला जाऊ शकतो.

आणि ‘खोकला’ या शब्दापासून सावध. छोटं कुत्रं तीन-चार अगदी वेगळ्या कारणांनी खोकतं. श्वासनलिका चपटी होते तेव्हा हंसासारखा आवाज काढून खोकतं. झडप गळायला लागली की रात्री खोकतं. हार्टवर्मने खोकतं. आणि नुसतं गवत नाकात गेलं तरी खोकतं. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या फायलीत ‘खोकला, मालकाच्या सांगण्यानुसार’ एवढीच ओळ असली, तर पुढे यातल्या कुठल्याही आजाराच्या क्लेमला ती आडवी येऊ शकते. डॉक्टरांनी कारण शोधलं असेल आणि ते बरं झालं असेल, तर तसं स्पष्ट लिहून घ्या. खोटं लिहायला सांगू नका; अर्धवट सोडू नका, एवढंच.

राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने 2022 मध्ये पेट इन्शुरन्सचा नमुना कायदा मंजूर केला. ज्या राज्यांनी तो स्वीकारला तिथे आजारांसाठी वेटिंग पीरियड 30 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, अपघातासाठी तो ठेवताच येत नाही, क्लेम केला नसेल तर 15 दिवसांत पॉलिसी परत करून पैसे मिळतात आणि आजार आधीपासूनचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. तुमच्या राज्याचा नियम राज्याच्या विमा खात्याच्या वेबसाइटवर सापडेल. त्या 15 दिवसांचा उपयोग असा करा: कुत्र्याची सगळी जुनी फाईल कंपनीकडे पाठवा आणि ‘यातलं काय काय तुम्ही आधीपासूनचं धरणार?’ हे लेखी विचारा. उत्तर आवडलं नाही तर पॉलिसी परत.

पायरी 5: चाचणी पॉझिटिव्ह आली

आधी खात्री. वेगळ्या पद्धतीने दुसरी चाचणी आणि रक्तात जंतांची पिल्लं आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. मग छातीचा एक्सरे, रक्ताच्या तपासण्या. त्याच दिवसापासून कुत्र्याची पळापळ बंद.

पुढचं वेळापत्रक लांबलचक आहे. सुरुवातीचे 28 दिवस डॉक्सिसायक्लिन, कारण या जंताच्या अंगात वोल्बॅकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते मेले की जंत दुबळा होतो. बरोबर महिन्याचं प्रतिबंधक औषधही चालू. साठाव्या दिवशी मेलार्सोमिनचं (प्रौढ जंत मारणाऱ्या औषधाचं) पहिलं इंजेक्शन, नव्वदाव्या दिवशी दुसरं, एक्क्याण्णवाव्या दिवशी तिसरं. शेवटच्या इंजेक्शननंतर आणखी सहा ते आठ आठवडे विश्रांती. बुंदीचं हे सगळं एप्रिलच्या मध्यात सुरू झालं आणि गणपतीपर्यंत चाललं.

बिल कशाचं होतं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. चाचण्या 70, रक्त 160, एक्सरे 240, डॉक्सिसायक्लिन आणि प्रेडनिसोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) 85, पहिलं इंजेक्शन आणि दिवसभर दवाखान्यात ठेवणं 290, पुढची दोन 480, वेदनाशामक 40, शेवटची तपासणी 65. मोठ्या कुत्र्यांचं बिल याहून जास्त येतं, कारण मेलार्सोमिन वजनावर जातं, किलोला अडीच मिलिग्रॅम. एका कुपीत 50 मिलिग्रॅम असतं. बुंदीला दर वेळी जेमतेम 15 लागत होते, पण पाणी घालून तयार केलेली कुपी फ्रिजमध्येही 24 तासच टिकते. म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी उरलेलं वाया गेलं. दुसरं-तिसरं लागोपाठच्या दिवशी असतं, तेव्हा डॉक्टरांना विचारा की एकाच कुपीत बसवता येईल का, किंवा त्याच दिवशी दुसरं छोटं कुत्रं आहे का. मी विचारलं, त्यांनी वेळ जुळवून दिली आणि एका कुपीचे पैसे वाचले.

इंजेक्शन कमरेच्या खोल स्नायूत देतात. छोट्या कुत्र्याला तिथे स्नायूच किती! दोन दिवस बुंदी पाठीला हात लावू देत नव्हती. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठीला स्पर्श नाही.

खरी परीक्षा विश्रांतीची. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकतात, आणि कुत्रं धावलं तर रक्ताचा दाब वाढून ते जिवावर बेतू शकतं. पिंजरा जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवला, म्हणजे तिला माणसं दिसत राहतील. शी-शूला कडेवर नेऊन सहा फुटी दोरीवर उतरवायचं आणि लगेच परत. प्रेडनिसोनमुळे तहान आणि शू दोन्ही दुप्पट, म्हणून पिंजऱ्यात पॅड. दारावरच्या घंटीवर चिठ्ठी चिकटवली: वाजवू नका, फोन करा. गणपतीत आरतीच्या झांजा वाजल्या की ही उड्या मारायची, म्हणून त्या वर्षी आरती टाळ्यांवर झाली. दहा दिवस पाहुण्यांना कारण सांगून तोंड दुखलं.

इंजेक्शननंतर सातव्या ते दहाव्या दिवसात विशेष लक्ष ठेवा, आणि चार आठवड्यांपर्यंत सावध राहा. खोकला, खोकल्यातून रक्त, पांढऱ्या हिरड्या, ताप, खाणं बंद, चक्कर: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सी. गडद लाल-तपकिरी लघवी आणि एकदम कोसळणं ही केव्हल सिंड्रोमची खूण. त्यात जंत हृदयाच्या उजव्या बाजूला गर्दी करतात आणि मानेच्या शिरेतून शस्त्रक्रियेने ओढून काढावे लागतात. तिथे बिल काही हजारांत जातं.

‘नुसती गोळी चालू ठेवा, जंत हळूहळू मरतील’ हा सल्ला स्वस्त वाटतो. हार्टवर्म सोसायटी तो पहिला पर्याय म्हणून सुचवत नाही, कारण त्या एक-दोन वर्षांत धमन्यांची नासाडी चालूच राहते आणि विश्रांतीही तेवढाच काळ पाळावी लागते. पैशांची अडचण असेल तर आधी दवाखान्याशी हप्त्यांबद्दल बोला, शहरातल्या प्राणिसेवी संस्थांचे कमी दराचे दवाखाने विचारा.

पायरी 6: क्लेम

उपचार सुरू करण्याआधी कंपनीकडून लेखी पूर्वमंजुरी मागा. मग एकाच फायलीत: तपशीलवार बिल, डॉक्टरांच्या संपूर्ण नोंदी, आधीच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल तारखांसकट, औषधाच्या किमान गेल्या वर्षभराच्या पावत्या. नाकारलं तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाने, हे लेखी मागा आणि अपील करा. डॉक्टरांचं एक पानी पत्र अपिलात उपयोगी पडतं. तरी समाधान झालं नाही तर राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करता येते.

विम्याखेरीज आणखी एक दार आहे, ते बहुतेकांना माहीत नसतं. नामांकित औषधकंपन्या स्वतःच हमी देतात: औषध डॉक्टरमार्फत घेतलेलं, बारा महिने सलग दिलेलं, आधीची चाचणी निगेटिव्ह, आणि तरीही लागण झाली, तर उपचारांचा खर्च त्या उचलतात. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. अनधिकृत वेबसाइटवरून घेतलेल्या स्वस्त डब्यावर ही हमी मिळत नाही. वाचवलेले वीस-तीस डॉलर तिथे महाग पडतात. अर्ज दवाखान्यामार्फत होतो.

आमच्या बाबतीत दोन्ही दारं बंद झाली, कारण फायलीत माझ्याच फोनची नोंद होती: ‘मालकिणीला घरात तीन गोळ्या सापडल्या.’ पावत्या बाराही महिन्यांच्या होत्या. नवऱ्याचं म्हणणं, फोन केला नसतास तर 944 डॉलर मिळाले असते. खरंय. पण मग सहा महिन्यांनी दुसरी चाचणीही झाली नसती आणि आजार खोकल्यापर्यंत पोचला असता.

भारतातून कुत्रं आणणार असाल तर

1 ऑगस्ट 2024 पासून सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) नियमानुसार अमेरिकेत येणारं कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, त्याला मायक्रोचिप हवी. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्याने लसीचे कागदही जादा लागतात. या नियमांत हार्टवर्मची चाचणी नाही, ती तुम्हीच करून घ्या. पुण्याच्या माझ्या आईला हा आजार म्हणजे अमेरिकन डॉक्टरांची कमाई वाटते. तिचंही अगदी चूक नाही: भारतात हा जंत मुख्यतः ईशान्येकडे सापडतो, दक्षिणेत त्याचा भाऊबंद डायरोफिलेरिया रेपेन्स आहे आणि तो कातडीखाली राहतो. पण कुत्रं ह्यूस्टनला उतरलं की डास इथलेच चावणार. भारतातल्या लसीकरणाच्या पुस्तिकेत नुसते स्टिकर असतात, म्हणून निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत सगळा पूर्वेतिहास टाइप करून, सही-शिक्क्यासह घ्या. विमा कंपनी तो मागतेच.

शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी पुन्हा चाचणी करतात, सगळे जंत गेले का ते बघायला. बुंदीची पुढच्या एप्रिलमध्ये झाली. निगेटिव्ह. फी 58 डॉलर, तीही खिशातून.